खातं बदलून पाहिजे

माणूस काम करता करता जे शिकतो त्याला शिक्षण म्हणायचं की नाही? आणि म्हणायचं, तर त्याचा हिशेब कुणी ठेवायचा?

दोस्तांनो, प्रश्न आपला आहे, पण आता तो विद्यापीठांनीही उचललाय. कागदावर त्याचं नाव पूर्वज्ञानाची मान्यता. नोकरीत, धंद्यात, शेतात, चुलीपुढं जे आधीच शिकून झालंय ते तपासायचं, मोजायचं आणि पदवीत धरायचं. तेवढे विषय पुन्हा वर्गात बसून शिकायची गरज नाही. मोजायच्या मापाला म्हणतात श्रेयांक, म्हंजे क्रेडिट. आमच्या वस्तीत क्रेडिट म्हंजे वाण्याची उधारी. तसा तोही अर्थ बरोबरच बसतो. आपल्या बापजाद्यांनी या देशाला जे ज्ञान उधार दिलं त्याची वही कुणी लिहिलीच नाही.

मी सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यातल्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. दहावीनंतर शाळा सुटली. वाचन सुटलं नाही. मला काय येतं ते आधी सांगतो, मग बाकीचं बोलू.

रिंग फ्रेमवर धागा तुटतो. तुटला की गुडघ्यानं ब्रेक दाबून चाती थांबवायची, बॉबिनवरचं टोक हुडकायचं, ते ट्रॅव्हलरच्या इवल्या तारेखालून घ्यायचं, वरच्या आकड्यातून काढायचं आणि पुढच्या रुळातून येणाऱ्या तंतूंना नेमकं टेकवून सोडायचं. शेजारच्या चात्या तेव्हा मिनिटाला पंधरा हजारांच्या वर फेरे घेत असतात. लिहायला चार ओळी लागल्या, हाताला चार-पाच सेकंद लागतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत धागे जास्त का तुटतात हे मला कुणी फळ्यावर शिकवलं नाही. हवा कोरडी झाली की तंतूंवर वीज साठते, तंतू एकमेकांपासून फाकतात, रुळाला जाऊन गुंडाळतात. म्हणून खात्यात दमटपणा राखावा लागतो आणि म्हणून आम्ही घामानं भिजून सूत काढतो. ४० नंबरचं सूत म्हंजे एका पौंडात ४० लडी आणि दर लडी ८४० वार. गुणून बघा. पौंडभर सुताचा धागा तीस किलोमीटरच्या वर जातो. हे गणित मी बॉबिनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं मांडून शिकलो.

आणखी एक ज्ञान आहे, ते छातीत आहे. ब्लो रूम आणि कार्डिंगमधल्या जुन्या माणसाला सुट्टी संपवून कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याचं नाव बायसिनोसिस. पुस्तकात तो एक परिच्छेद असतो, आमच्याकडं तो एक माणूस असतो, खोकत जिना चढणारा. मेडिकल कॉलेजनं त्याचे किती श्रेयांक धरावेत?

आता सरकारी माप घेऊ. २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात वर्षाचे १२०० तास शिकणं म्हंजे ४० श्रेयांक, म्हंजे ३० तासांना एक. तीन वर्षांच्या पदवीला १२० लागतात. मी वहीत हिशेब केला. आठ तासांची पाळी, वर्षाच्या ३०० पाळ्या, झाले २४०० तास. ३० नं भागा, ८० श्रेयांक. म्हंजे दीड वर्षात मी पदवीधर! पाच वर्षांत तीन पदव्या आणि वर चाळीस श्रेयांक सुट्टे, पान-तंबाखूला.

रात्रपाळीच्या पोरांना हा हिशेब दाखवला तेव्हा ती पोट धरून हसली. पण हसणं बाजूला ठेवून खरं बोलायचं तर हा हिशेब मलाच मान्य नाही. त्या २४०० तासांतलं शिकणं किती? पहिल्या सहा-आठ महिन्यांत जे शिकायचं ते शिकलो. त्यानंतरचे तास शिकण्याचे नव्हते, विकण्याचे होते. तेच टोक, तीच तार, तोच रूळ. काम माणसाला शिकवतं हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तेच काम माणसाला मठ्ठही करतं. श्रमाची आरती ओवाळणारे लेखक हे दुसरं अर्धं लिहीत नाहीत. त्यांनी कधी सलग तीन रात्रपाळ्या केलेल्या नसतात.

अमेरिकेत हा विचार बराच आधी झाला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी फौजेत जे शिकलं त्याला कॉलेजांनी काय किंमत द्यावी, ते तपासायची पद्धत तिथं बसवली गेली. १९६७ साली अशा परीक्षा सुरू झाल्या की वर्गात न बसता विषय येतो हे दाखवा आणि श्रेयांक घ्या. १९७४ ला या कामासाठी वेगळी संघटना उभी राहिली. त्यांनी धरलेलं सूत्र मला पटतं. श्रेयांक अनुभवाला द्यायचे नाहीत, अनुभवातून माणूस काय शिकला त्याला द्यायचे. किती वर्षं राबलास हे विचारायचं नाही, राबताना तुला काय उमगलं ते विचारायचं.

आपल्या आराखड्यातही अनुभवाला वजन आहे. पण ते आधी मिळवलेल्या पात्रतेवर, आणि फार तर तिच्याएवढंच आणखी. म्हंजे आधी हातात कागद पाहिजे, मग त्याची दुप्पट. ज्याच्या हातात कागदच नाही त्यानं काय दुप्पट करायचं? शून्याची दुप्पट आम्हालाही येते, पुठ्ठ्यावर मांडायची गरज नाही. अशा माणसासाठी पूर्वज्ञानाची वेगळी परीक्षा असते म्हणतात. ती मी दिलेली आहे, ते पुढं सांगतो.

त्याआधी एका आक्षेपाचा निकाल लावू. आपल्यातलीच शिकलेली काही मंडळी म्हणतात की हे असलं काही काढू नका, पदवी स्वस्त होईल, आणि पुन्हा आपल्याच पोरांकडं बोट दाखवून 'सवलतवाले' म्हणतील. बाबासाहेब कोलंबियात वर्गात बसले, लंडनला बसले, सूट मागत बसले नाहीत. खरं आहे. पण त्याच बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कॉलेजची वेळ राबणाऱ्याच्या वेळेला जुळवून घेतली. त्यानं शिक्षण स्वस्त झालं नाही, पोरांची पाळी वाचली. माझ्यासारख्याला एकेक विषय म्हंजे इतक्या इतक्या पाळ्यांची मजुरी. येतंय तेच पुन्हा शिकायला तो खाडे कुठून करणार?

आणि विद्यापीठ आयुष्याला मोजत नाही असं कोण म्हणतो? मानद पदवी काय असते? मंत्र्याला देतात, कारखानदाराला देतात. परीक्षा नाही, हजेरी नाही, झगा मात्र असतो. तेव्हा पदवी स्वस्त झाली अशी ओरड कुठल्या वर्तमानपत्रात वाचलीत? अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असं सांगतात. त्यांच्या पुस्तकांवर लोक पीएच.डी. झाले. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले, आणि १९६६ साली आपल्या कवितासंग्रहाला त्यांनी 'माझे विद्यापीठ' असं नाव दिलं. ती पुस्तकं अभ्यासक्रमात लागतात. अण्णाभाऊ स्वतः प्रवेशाच्या खिडकीशी उभे राहिले असते तर कारकुनानं आधी दाखला मागितला असता. म्हंजे आमचं ज्ञान विद्यापीठात जातं, जातं ते जातंच. आम्ही मात्र फाटकाशी.

मुक्त विद्यापीठांनी फाटक थोडं ढकललं हे नाकारत नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण विद्यापीठ १९८९ ला निघालं आणि बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीच्या वाटेनं आत घेतलं. आमच्या तालुक्यातले कितीतरी लोक त्या वाटेनं पदवीधर झाले. पण आत घेणं वेगळं आणि तुला आधीच काही येतं हे कबूल करणं वेगळं. आत घेतल्यावर सगळे एकाच ओळीत, पहिल्या धड्यापासून.

आता माझ्या परीक्षेचं. आमच्या गिरणीत एका संस्थेचं शिबिर झालं. दोन दिवस थोडी ओळख, सुरक्षेचं भाषण, मग तोंडी प्रश्न आणि फ्रेमवर हात चालवून दाखवायचा. परीक्षक कॉलेजातून नुकता निघालेला पोरगा होता, चांगला होता बिचारा. मी टोक सांधताना तो घड्याळ बघत होता आणि मधेच म्हणाला, "पुन्हा एकदा दाखवा ना, दिसलं नाही." महिन्याभरानं प्रमाणपत्र आलं. छापील, रंगीत, वर चित्र. त्यात लिहिलेलं की हा इसम रिंग फ्रेमवर काम करण्यास पात्र आहे.

अरे, हे मला ठाऊक होतं! गिरणीलाही ठाऊक होतं, नाहीतर इतकी वर्षं पगार कशाचा दिला? त्या कागदानं पगारात फरक पडला नाही. त्यानं मला कुठं नेलं नाही. मी जिथं उभा होतो तिथंच माझ्या पायाभोवती खडूनं गोल काढला आणि खाली सही केली.

इथं मुद्दा येतो. श्रेयांक म्हंजे नाणं. नाण्याची किंमत ते कुठं चालतं यावर ठरते. ज्या खात्यात मिळालं त्याच खात्यात खर्चायचं असेल तर ते नाणं नाही, गिरणीच्या उपाहारगृहातलं कूपन आहे. ट्रॅव्हलर कड्यावर फिरतो तेव्हा धाग्याचा फुगा का होतो, वेग वाढवला तर ताण का वाढतो, हे मला कळत असेल तर ते पदार्थविज्ञानात धरा. कापसाचा भाव पडला की आमची पाळी कशी तुटते हे कळत असेल तर ते अर्थशास्त्रात धरा. आणि ते धरून झाल्यावर मला तत्त्वज्ञान शिकू द्या. मला तत्त्वज्ञानच शिकायचंय. सूतकाम मला येतं.

जुने गिरणी कामगार म्हणायचे तसं, मला खातं बदलून पाहिजे.

हे मी इतकं घासून का बोलतोय? कारण कामाला शिक्षण म्हणायची भाषा नेहमी आपल्या भल्याची नसते. १९५३ साल घ्या. मद्रास राज्यात राजगोपालाचारी मुख्यमंत्री होते. त्यांनी गावच्या प्राथमिक शाळांसाठी योजना काढली. शाळेची वेळ कमी करायची आणि उरलेल्या वेळात पोरांनी घरी आईबापाचा धंदा शिकायचा. ऐकायला किती गोड! श्रमाची प्रतिष्ठा, हाताचं शिक्षण, सगळं त्यात आहे. पण परटाच्या पोरानं धुणं शिकायचं, चांभाराच्या पोरानं कातडं शिकायचं, आणि वकिलाचं पोर घरी काय शिकणार ते सांगायला नको. पेरियार आणि द्रविड चळवळीनं रान उठवलं, तिला कुलधंद्याचं शिक्षण म्हणून झोडलं. १९५४ साली राजाजी गेले, कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली.

त्याच १९५३ साली तिकडं दक्षिण आफ्रिकेत बांटू शिक्षण कायदा झाला. गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाला ज्या कामाच्या वर चढू द्यायचं नाही, त्या कामापुरतंच शिक्षण काळ्या पोराला द्यायचं, हा त्याचा गाभा. दोन देश, दोन माणसं, हेतू वेगळे असतीलही. पण पोराच्या पायाभोवतीचा खडूचा गोल तोच.

आणि बघा, त्याच दक्षिण आफ्रिकेत पुढं पूर्वज्ञानाच्या मान्यतेची मागणी कुणी केली? कामगारांनी. धातुकामगारांची संघटना त्यात पुढं होती. काळा कामगार वर्षानुवर्षं कुशल काम करायचा, गोऱ्या पोराला तोच शिकवायचा, पण कागदावर अकुशल आणि पगारही अकुशलचा. त्याला वर चढायची शिडी पाहिजे होती. १९९५ ला कायदा होऊन पात्रतेची नवी व्यवस्था आली, तिच्यात हे तत्त्व घातलं गेलं. म्हंजे हत्यार एकच. कुणाच्या हातात आहे आणि त्याचं टोक कुणाकडं, एवढाच फरक.

आपल्याकडं आणखी एक गाठ आहे, तिच्याकडं परदेशातल्या या शहाण्यांना बघावं लागलं नाही. अनुभव मोजा म्हणता, पण अनुभव तरी सगळ्यांना सारखा मिळाला का? मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी जास्त होती. आपल्या माणसाला तिथं प्रवेश नव्हता. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालायचा नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. लाल बावटा खांद्यावर घेऊनही तोंडाचा विटाळ सुटला नव्हता. आता त्या काळच्या आपल्या कामगाराला विचारा की बाबा, तुझा विणाईचा अनुभव किती? शून्य. ज्ञान घेण्याची पात्रता नव्हती म्हणून शून्य नव्हे, थुंकीचा विटाळ म्हणून शून्य. जात म्हंजे कामाची नुसती वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच ती वाटणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलं. अनुभवाचीही वाटणी त्याच सुरीनं झालेली आहे. अनुभव ही मालमत्ता आहे आणि ती ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणं मिळालेली आहे. तिला आता तराजूत घालून 'सगळ्यांना एकच माप' म्हणाल तर माप खरं असेल, माल चोरीचा असेल.

माझे आजोबा मुंबईत होते, रिंग खात्यातच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो त्यांच्यासाठी संपलाच नाही. गावी परत आले, शेतमजुरी केली. मी सूतगिरणीत लागलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "खातं कंचं?" रिंग म्हटल्यावर काही बोलले नाहीत.

त्यांच्या आधीचे, माझे पणजोबा, मेलेली जनावरं ओढायचे, सोलायचे. कातड्याला भोक न पाडता बैल सोलायचा तर सांधा कुठं सुटतो, शीर कुठून जाते, पातळ पडदा कुठं धरतो हे सगळं ठाऊक लागतं. जनावरांच्या डॉक्टरला हे पुस्तकात शिकवतात. १९२७ च्या महाडपासून बाबासाहेब सांगत होते की हे काम टाका. पणजोबांनी टाकलं. गावानं बहिष्कार घातला तरी पुन्हा सुरी हातात धरली नाही. समजा आज कुणी म्हणालं असतं की बाबा, तुमच्या या ज्ञानाला आम्ही चाळीस श्रेयांक देतो, तर? त्यांनी ते ज्ञान हट्टानं विसरायचं ठरवलं होतं. पोरांना शिकवलं नाही. एका अख्ख्या समाजानं आपलं ज्ञान जाणूनबुजून मारून टाकलं, कारण त्या ज्ञानाच्या मुठीत आपलाच गळा होता. हे विसरणं हेही एक शिकणं आहे, आणि त्याचं माप कुठल्याच आराखड्यात नाही.

गटारात उतरणाऱ्याचंही तेच. सडक्या अंड्यासारखा वास येतोय तोवर ठीक, वास एकाएकी गेला की पळ, कारण विषारी वायू वाढला की नाकच मरतं. रसायनशास्त्राचा हा धडा त्याला भावाच्या मरणानं शिकवलेला असतो. २०१३ च्या कायद्यानं त्याला तसं उतरवणं गुन्हा आहे, तरी माणसं उतरवली जातात आणि मरतात. उद्या त्याला 'गटार-सफाईत प्रवीण' म्हणून प्रमाणपत्र द्याल? द्यायचं तर असं द्या की जे घेऊन तो पुन्हा कधी झाकणाजवळ जाणार नाही. वायू ओळखणारा तो माणूस सुरक्षा निरीक्षक होऊ शकतो. नाहीतर तुमचा कागद तुमच्याकडं.

फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्यानं असं करता येतं की अनुभवाच्या जोरावर आख्खी पदवीसुद्धा मिळावी. तिथं परीक्षक मंडळात शिक्षकांबरोबर त्या धंद्यातली माणसं बसतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझं ज्ञान तपासायला समोर फक्त घड्याळ बघणारा पोरगा नको, एक जुनी डॉफर बाईही पाहिजे, जिला सांध्याचा आवाज कळतो. मग प्राध्यापकानं तिला विचारावं, तिनं प्राध्यापकाला विचारावं. भांडण झालं तर होऊ दे. विद्यापीठात इतर कशावरून भांडणं होतात ते आम्ही वाचतोच.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. आजी सुईण होती. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत तिनं किती बाळंतपणं केली त्याची मोजदाद नाही. पाटलाच्या वाड्यातही तिलाच बोलवायचे, मागच्या दारानं. नाळ कापेपर्यंत तिचा हात देवाचा, नंतर अंघोळ घालून वाडा शुद्ध. आडवं आलेलं मूल पोटावरून हात फिरवून ओळखायची. मी तिला हे श्रेयांकाचं सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, आजी, तुझ्या कामाचा कागद झाला असता, कॉलेजचा.

ती म्हणाली, "मला कशाला कागुद? माझं झालं आता. त्यो कागुद तुझ्या भणीला देत्यात का इचार."

देत नाहीत. श्रेयांक ज्याचे त्याच्याच नावावर जमा होतात. २०२१ पासून त्यासाठी बँकही आहे, तिच्यातल्या खात्याला वारस लावता येत नाही. जमिनीला लावता येतो, वाड्याला लावता येतो, बापाच्या पुस्तकांच्या कपाटाला तर न लावताही लागतो. मी आजीला तसं सांगितलं.

बहीण यंदा बारावीला आहे. शास्त्र शाखा घेतलीय तिनं, नर्सिंगला जायचं म्हणते.